वरच्या मजल्यावरचे काउबॉय आजोबा

साउथहॅम्प्टनला आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. बसची, बसच्या ड्रायव्हरची, दुकानात पैसे घेणारं ते मशीन मध्येच मोठ्यानं बोलायला लागतं त्याची, आणि दारावरची बेल वाजली की तर छातीत धस्सच व्हायचं. माझी शाळा अकरावीत सुटलेली, इंग्रजी म्हणजे येस, नो, सॉरी, थँक्यू, आणि आमचे हे सकाळी हॉस्पिटलच्या आयटीत कामाला गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. त्यात बाळ झालं. आईचा व्हिसा झाला नाही, म्हणजे बाळंतपणाला माहेरचं कुणीच नाही, आणि मुलगी अशी की बाहेर अंधारून आलं की रडायला सुरुवात, ते थांबायचंच नाही, अंग निळं होईपर्यंत रडायची. आणि ती रडायला लागली की थोड्या वेळानं वरून छतावर ठोके पडायचे. धप, धप, धप, धप. एकसारखे.

मला वाटायचं वरच्या फ्लॅटमधला माणूस चिडून पाय आपटतोय. मी पोरीला घेऊन बाथरूममध्ये पळायची, दार लावून पंखा चालू करायची म्हणजे आवाज वर जाऊ नये. माझ्या डोक्यात एकच, हा माणूस तक्रार करणार, मग कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, लोक येणार, मग म्हणणार हिला मूल सांभाळता येत नाही, आणि घेऊन जाणार. कुणीतरी मला तसं सांगितलं होतं, इथं मुलं घेऊन जातात म्हणून. यांना सांगितलं तर हसले.

"अगं, इथं लोक पाय आपटत नाहीत. इथं लोक ईमेल करतात."

"मग वर काय हत्ती बांधलाय का?"

"तू जा ना वर, विचार जाऊन."

मी आणि वर जाणार! मी कचरा टाकायला खाली जायची तेसुद्धा दाराच्या फटीतून कुणी नाही ना ते बघून.

मग तो धुरीचा दिवस आला. आई रोज व्हिडिओवर विचारायची, पोरीला धुरी देतेस का, नाही म्हणलं की तोंड पाडायची. म्हणायची, रडतीय ती म्हणूनच, पोटात वारा धरलाय, ओवा आणि शेपा टाक निखाऱ्यावर, लसणाची सालं टाक, बघ कशी गाढ झोपते. आधीच्या भाडेकरूंनी बाल्कनीत बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी ठेवलेली होती. मी दोन कोळसे घेतले, गॅसवर पेटवले, स्टीलच्या वाटीत ठेवले, खिडक्या गच्च बंद, कारण बाळंतिणीला वारा लागू नये, आणि वरून मूठभर ओवा टाकला. असा छान वास सुटला, मला एकदम घरीच आल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात छतावरचा तो धूर ओळखणारा पांढरा गोल डबा बोंबलायला लागला.

मी असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. पोरगी किंचाळायला लागली, मी किंचाळायला लागले, तिकडं फोनवर आई ओरडतीय, "काय गं झालं, काय झालं," आणि दार धडाधडा वाजतंय. मला वाटलं आलेच पोलीस. दार उघडलं तर समोर एक उंच, काटकुळे आजोबा. डोक्यावर काउबॉयची टोपी, पायात टोकदार बूट, गळ्याशी चामड्याची दोरी, आणि मध्ये साधा घरातला स्वेटर, कोपरावर विरलेला.

"यू ऑल राइट, लव्ह? बेबी ऑल राइट?"

मी नुसती सॉरी, सॉरी, सॉरी. ते आत शिरले, खिडक्या उघडल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीनंच डब्याला वारा घालायला लागले. खोकतायत आणि वारा घालतायत, खोकतायत आणि वारा घालतायत. डबा एकदाचा गप्प झाला. मग त्यांनी वाटीत डोकावून बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, हा तर रविवारच्या रोस्ट चिकनचा वास. एवढं म्हणून खोकल्याची अशी उबळ आली की ते बाहेर जिन्यातच बसले, खिशातून निळा इन्हेलर काढला आणि ओढत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या धुरीनं म्हातारा माणूस जायचा!

पाणी दिलं. ते श्वास घेऊन जरा सावरले, आपण वरच राहतो असं खुणेनं सांगितलं, तेव्हा कुठून एवढं धाडस आलं कुणास ठाऊक, मी छताकडं बोट केलं आणि म्हणलं, "बेबी क्राय... यू..." आणि पाय आपटून दाखवला. तोंड करून दाखवलं, रागावलेलं.

आधी त्यांना काही कळेना. मग कळलं आणि चेहराच पडला त्यांचा. त्यांनी बूट वर उचलून दाखवला, त्या बुटाच्या टाचेला लोखंडी नाल मारलेली होती.

"धिस? धिस इज माय ड्रमर."

ते संध्याकाळी गिटारचा सराव करायचे. आणि त्या बुटानं ठेका धरायचे. आमच्या पोरीची रडायची वेळ आणि त्यांची सरावाची वेळ एकच, एवढंच होतं ते. मी कित्येक संध्याकाळी बाथरूममध्ये काढल्या होत्या आणि वर बिचारा माणूस गाणं म्हणत होता.

तेव्हापासून सुरू झालं ते. ते वर दमून चढायचे, दर वळणावर थांबायचे, मग मी त्यांच्या पिशव्या वर नेऊन द्यायची, आणि पोरीला घेऊन आम्ही जिन्यातच बसायचो, कारण त्यांच्या घरात शिरायला मला संकोच वाटायचा आणि माझ्या घरात यायला त्यांना. पायरीवर वर ते, खाली मी. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, पण ते हातानं सांगायचे, गाऊन सांगायचे, आणि संध्याकाळी हे आले की राहिलेलं मी यांच्याकडून करून घ्यायची.

त्यांचे वडील इथल्या गोदीत हमाल. अमेरिकेहून बोटी यायच्या, त्या बोटींवरचे लोक तिकडच्या गाण्यांच्या रेकॉर्ड आणायचे, आजोबा शाळेतून पळून धक्क्यावर जायचे आणि खलाशांकडून ऐकायचे. घोड्यावरच्या माणसांची गाणी, ट्रकवाल्यांची गाणी, सोडून गेलेल्या बायकांची गाणी. कंट्री म्युझिक म्हणतात त्याला. पहिली गिटार एका बोटीवरच्या वाढप्याकडून घेतली. मग मोठे झाल्यावर तेही बंदरातच लागले, कंटेनर उचलायच्या त्या उंच गाड्या चालवायचे, आठवडाभर ती गाडी आणि शनिवार-रविवार गाणं. आसपासच्या गावातले कामगारांचे क्लब, समुद्रकाठच्या सुट्टीच्या वसाहती, लग्नं, एकदा तर म्हणे एका दफनाला. एकदा अमेरिकेहून आलेल्या मोठ्या गायकाच्या आधी त्यांना गायला मिळालं. तो गायक स्टेजवर येऊन म्हणाला, थँक्यू टू... आणि पुढं नावच आठवेना त्याला. हे सांगताना ते इतके हसले की पुन्हा इन्हेलर काढावा लागला.

"तुम्ही गेलाय अमेरिकेला?" मी विचारलं होतं, मोडकंतोडकं.

"मी? फ्रान्सला गेलोय. फेरीनं. वांती झाली."

जन्मभर टेक्सासची गाणी म्हणली आणि टेक्सास बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, त्यांना नाही वाटलं. म्हणाले, गाण्यातला ट्रकवाला कुठलाही असला तरी त्याला घरीच जायचं असतं, ते मला बंदरावरून निघताना रोज कळायचं.

त्यांची बायको त्यांच्याबरोबर गायची. स्टेजवर त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून, त्यांच्या आवाजाच्या जरा वर आवाज लावून. ती गेल्यावर ते एकटे झाले, आणि आता एकट्या गायकाला वाजवणारे कोण देणार, म्हणून एका टॅब्लेटवर भरलेली वाद्यं लावून गातात सगळे, तसे तेही गायला लागले. ते त्यांना मनापासून आवडत नसे. म्हणायचे, ती थांबायची. मला दम लागला की तिला कळायचं, ती थांबायची. हे मशीन थांबत नाही. याला माहीतच नाही की माणूस श्वास घेतो.

आणि आता श्वासाचीच गोष्ट होती. गोदीतली धूळ आणि तरुणपणीच्या सिगारेटी, फुप्फुसं गेली होती. एक क्लब तेवढा उरला होता, महिन्यातून एका रविवारी दुपारी तासभर गायचं, आणि तिथं मागच्या दोन वेळा ते मध्येच थांबले होते. क्लबच्या सेक्रेटरी बाई स्पष्ट बोलल्या होत्या, ह्या वेळी तास पुरा झाला नाही तर तो रविवार एका तरुण मुलाला देणार. नाचणाऱ्या लोकांची तक्रार येते म्हणाल्या.

"मग घरी बसा ना आजोबा, आराम करा," मी म्हणलं. मला वाटलं चांगलंच सांगतीय.

ते म्हणाले, गाणं असलं तर मी गाणारा माणूस आहे, आजारी असलेला. गाणं गेलं तर नुसता आजारी माणूस. हे मी यांच्याकडून दोनदा विचारून घेतलं, बरोबर समजलं का म्हणून. बरोबरच समजलं होतं.

मी त्यांना माझ्या वडलांचं सांगितलं. वडील आमच्या भागातल्या शाहिरांच्या मागं झीलकरी होते. शाहीर पुढं डफ घेऊन पोवाडा म्हणतो, आणि मागं दोघं-तिघं उभे असतात, शाहिराची ओळ संपली की शेवटचा शब्द उचलून लांबवायचा, जी जी रं जी करायचं, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. तेच झीलकऱ्याचं काम. वडील जन्मभर दुसऱ्याच्या मागंच उभे राहिले, एकदाही पुढं आले नाहीत, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, शाहिराचा दम तुटला आणि झील आली नाही तर लोक शाहिराला नाही, आम्हाला शिव्या देतात. कधी जत्रेत एखादा झीलकरी दारू पिऊन पडला की मला उभं करायचे, परकराचा काष्टा मारून, माझा आवाज खणखणीत होता म्हणून.

हे सगळं इंग्रजीत सांगता येईना, म्हणून मी करूनच दाखवलं. म्हणलं, तुम्ही म्हणा. त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं म्हणलं, रात्रीचा ट्रकवाला लांबून बघतोय स्वयंपाकघरातला दिवा चालू आहे का, आणि ओळीच्या शेवटी येतं होम. मी ते होम उचललं आणि लांबवलं, आमच्याकडं लांबवतात तसं, खालून वर चढवत, जिना सगळा घुमला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं चुकलं. पण ते हसत होते. म्हणाले, ती पण असंच करायची, फक्त ती इतकी ओरडायची नाही!

रविवारी त्यांनी आम्हाला क्लबला बोलावलं. गायला नाही, नुसतं ऐकायला, पोर बाहेर काढ म्हणाले, चार माणसं बघू दे तिला. हे म्हणाले, "मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला चल म्हणलं तर तुझं डोकं दुखतं, आणि आजोबांच्या क्लबात निघालीस नटून?"

"मंडळात सगळ्या शिकलेल्या असतात. तुम्ही काय करता, तुम्ही काय करता, विचारतात."

"आणि इथं?"

"इथं मला कुणाचं कळणारच नाही काय विचारतात ते."

यांना हसू आलं. आम्ही गाडीनं गेलो, आजोबा पुढं गिटार मांडीवर घेऊन बसले. यांना ते 'मश' म्हणायचे, इथले लोक मित्राला म्हणतात तसं. वाटभर टोपी हातात फिरवत होते.

क्लब म्हणजे एक मोठा हॉल, लांब टेबलं, गालिच्याला बियरचा वास. बायका झालरीचे शर्ट घालून आलेल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, ओळीत उभ्या राहून एकसारखी पावलं टाकत नाचायच्या, चेहरे मात्र गंभीर, जशा काही परीक्षेलाच बसल्यात. मध्येच लॉटरी निघाली आणि एका आजीला बक्षीस काय मिळालं, तर ट्रेभर कच्चं मटण. हे माझ्या कानात म्हणाले, "बघ, मंडळात पैठणी देतात, इथं चॉप्स." मी सगळ्यात मागच्या टेबलाला, दाराजवळ, पोर मांडीवर, म्हणजे रडली तर पळता येईल.

अर्धा तास आजोबा छान गायले. झटपट गाणी, बूट ठेका धरतोय, बायका नाचतायत. पण मला त्यांची मान दिसत होती, प्रत्येक ओळीनंतर गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. सेक्रेटरी बाई भिंतीला टेकून उभ्या, हाताची घडी घालून. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांचाही चेहरा ताणलेला होता.

मग त्यांनी ते ट्रकवाल्याचं गाणं घेतलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या मध्ये श्वास तुटला. होम म्हणले आणि पुढं काहीच आलं नाही, तोंड उघडं, हात गिटारवर, आणि ते मशीन आपलं वाजतंय, पुढं पुढं चाललंय, त्यांना सोडून. नाचणाऱ्या बायका थांबल्या. आणि हॉलमधल्या सगळ्या लोकांनी माना खाली घातल्या. आपापल्या ग्लासात बघायला लागले. इथले लोक असंच करतात, एखाद्याची फजिती झाली की त्याच्याकडं बघत नाहीत, तीच त्यांची माया असते, आता मला कळतं. तेव्हा मला इतका राग आला! माणूस तिथं एकटा उभा आहे आणि मागं कुणीच नाही.

मी ठरवलं नव्हतं. शपथ सांगते, ठरवलं असतं तर झालंच नसतं माझ्यानं. तोंडातून आवाजच निघाला. होम, खालून वर, लांबच्या लांब, जत्रेत लावायचे तसा, मागच्या टेबलावरून पार स्टेजपर्यंत.

सगळा हॉल गर्रकन वळला. यांनी माझा दंड धरला, "अगं ए, गप! काय करतीयस!" पुढच्या टेबलावरची एक आजी मोठ्यानं म्हणाली, हिला काही होतंय का? पोरगी दचकून माझ्याकडं बघायला लागली. मला एवढंच कळत होतं की एकदा झील धरली की शाहीर पुढची ओळ घेईपर्यंत सोडायची नाही.

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मग हात लांब करून त्यांनी ते मशीन बंद केलं.

बोटांनी गिटारचा एक सूर छेडला. पुढची ओळ म्हणली, हळू, बोलल्यासारखी. थांबले. मी शेवटचा शब्द उचलला. त्यांनी श्वास घेतला, घाईनं नाही, पोटभर. पुढची ओळ. मी उचलला. त्यांचा सूर आणि माझा सूर काही धड जुळत नव्हता, माझा वरच जात होता, पण ते थांबायचे आणि मी भरायची, मी थांबायची आणि ते निघायचे. नाचणाऱ्या बायकांना त्यावर पाऊल टाकता येईना, त्या तशाच ओळीत उभ्या राहिल्या, एकीनं दुसरीचा हात धरला. गाणं नेहमीपेक्षा कितीतरी लांबलं. पण शेवटपर्यंत गेलं. शेवटचं होम त्यांनी मला दिलंच नाही, स्वतःच धरलं, आणि पुरवलं.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी नाही वाजवल्या, दोन माणसं बारकडं गेली. ज्यांनी वाजवल्या त्यांनी मनापासून वाजवल्या. आजोबा मात्र पुढचं गाणं न घेताच खाली आले. तास काही पुरा झाला नव्हता.

सेक्रेटरी बाई आमच्या टेबलाशी आल्या. मला वाटलं आता मला बाहेर काढणार, मी पोरीला घट्ट धरली. पण त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. आजोबांना म्हणाल्या, हे मला यांनी नंतर नीट सांगितलं, नाचाचा तास मी त्या मुलाला देणार, मला द्यावाच लागणार. आजोबांनी मान हलवली. ते तयारच होते ह्याला, टोपी उचललीसुद्धा. मग बाई म्हणाल्या, पण नाच सुरू व्हायच्या आधी, लोक चहा घेत असतात तेव्हा, अर्धा तास मोकळा असतो. मशीनशिवाय. तुम्हाला हवं तितकं थांबत. फक्त बसून गावं लागेल, स्टेजवर पडलेला माणूस मला नकोय.

"आय डोन्ट सिट," आजोबा म्हणाले.

"मग नाही," बाई म्हणाल्या.

"इतकी वर्षं गातोय. कधी बसलो नाही. बसून गातात ते म्हातारे."

"तुम्ही काय आहात मग?"

हे हसले, आणि हसल्यावर लगेच गप्प झाले. आजोबांचे हात टोपीच्या कडेवरून फिरत होते, जाड, गोदीतले हात, आणि मला दिसलं की ते आता नाही म्हणतील आणि उठतील, आणि मग घरी जिन्यात दमत दमत चढतील आणि नुसता आजारी माणूस होतील. आणि मग ते मला म्हणतील काय, तर काहीच म्हणणार नाहीत.

मी ह्या देशात आल्यापासून कुणाला काही सांगितलं नव्हतं. मागितलं होतं, माफी मागितली होती. सांगितलं नव्हतं.

"सिट," मी म्हणलं. आवाज चिरकला. "आजोबा, प्लीज. सिट. यू सिट, यू सिंग."

"अँड यू?" ते म्हणाले.

"नो स्टेज! मी स्टेजवर नाही येणार हां. आय चेअर. हिअर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं, मग त्या बाईंकडं. बाई कुठूनतरी एक खुर्ची ओढत घेऊन आल्याच होत्या, हिरव्या कापडाची, दोन्ही बाजूंना हात असलेली. आजोबा सावकाश तिच्यात बसले. गिटार मांडीवर घेतली. ती खुर्चीच्या हाताला खडखड लागली. त्यांनी वैतागून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, हिच्यात कोण गाणार, बिनहाताची आणा.

बाई बिनहाताची खुर्ची शोधायला गेल्या.